भावोजींचा हवापालट

जुराच्या डोंगरातून,
मार्च महिना, अंगणातला बर्फ वितळून नुसता चिखल झाला आहे.

सौ. आर्लेत वन्संना, धाकट्या भावजयीचा, ग्वेनोलाचा, वाकून नमस्कार. (वाकून हे केवळ पत्रात लिहायची रीत म्हणून नाही. पिंपं धुवून धुवून कंबर अशी धरली आहे, की सध्या मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करते, पोस्टमनलासुद्धा. तो बिचारा लाजतो.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? लियोंला थंडी ओसरली का? खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या बायकोने तुमची जिरेनियमची कुंडी परत केली, की अजून "उद्या देते" चालूच आहे? इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत. पाठ दुखते, पण आता कुरकुर करण्याइतकी ताकद आली आहे, आणि डॉक्टरांच्या मते ते फार चांगलं लक्षण आहे. मागच्या महिन्यात लेओन्स नुसते छताकडे बघत पडायचे, तेव्हा मला खरी भीती वाटली होती. आता सूप खारट झालं की पलंगावरून ओरडतात, आणि मला इतकं बरं वाटतं की मी मुद्दाम चिमूटभर मीठ जास्त घालते.

हे पत्र आभाराचं आहे. लोकरीच्या हातमोज्यांसाठी आभार, पाठीच्या मलमासाठी आभार, आणि मुख्य म्हणजे भावोजींना पाठवल्याबद्दल आभार. तुम्ही लिहिलं होतंत, "डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे, यांना थोडे दिवस तुमच्याकडे पाठवते." हवा नेमकी कोणाला बदलायची होती ते तुम्ही लिहिलं नव्हतं. ते मला स्टेशनवर कळलं. फुल्जांस भावोजी फलाटावर उतरले, तरी डब्यातल्या एका बाईंना खिडकीतून गोष्ट सांगतच होते. गाडी हलली, तसे ते गाडीबरोबर चार पावलं चाललेही. गाडी गेली तेव्हा वळले आणि राहिलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली, सुरुवात न सांगता. घर येईपर्यंत मी "हो का", "अरे वा" करत होते, पण गोष्टीतला गुस्ताव हा माणूस होता की मांजर, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

पण वन्सं, मी त्यांना दोष देत नाही. पियानो सुरात लावणाऱ्या माणसाला जन्मभर कामावर गप्प बसावं लागतं. तार ऐकायची तर तोंड मिटायला हवं. लोक त्याला दिवाणखान्यात बसवून दार लावून घेतात आणि घरातल्या पोरांनाही गप्प करतात. इतक्या वर्षांत किती शब्द आत साठले असतील! धरण भरलं की दारं उघडावीच लागतात. फक्त खालच्या गावांना आधी कळवायची पद्धत आहे, एवढंच माझं म्हणणं.

तर आता आमच्या वाइनची हकिगत. तुम्हांला ठाऊकच आहे, गेल्या वर्षाने आमचा पिच्छा पुरवला. एप्रिलमध्ये कोंब फुटले आणि त्यावर कडाक्याचं हिम पडलं. आम्ही मळ्यात शेकोट्या पेटवून रात्री काढल्या. जुलैमध्ये गारा आल्या. त्यातून वाचलेल्या पुलसार द्राक्षांची तोडणी सुरू होणार, तोच तुमच्या बंधूंनी रिकामी टोपली उचलली (भरलेली नव्हे, रिकामी!) आणि पाठीत कळ येऊन ते जागच्या जागी बसले, ते तेव्हापासून पलंगावरच आहेत. म्हणजे तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या तळघरात यंदा पहिल्यांदाच परक्या गावच्या कुणी वाइन केली असेल, तर ती मी. मी, समुद्रकाठच्या, सफरचंदांची सायडर-दारू करणाऱ्या गावातून आलेली. लग्न होऊन आले तेव्हापासून गावात माझं नाव "सायडरवाली" आहे, आणि ते लोक प्रेमाने म्हणतात असं लेओन्स मला तेव्हापासून सांगत आले आहेत. शेजारच्या सिल्व्हेस्त्रने तर कुंपणावरून विचारलंच, "काय वहिनी, यंदा पुलसारमध्ये सफरचंदं किती टाकणार?" पण असं विचारणाऱ्या सिल्व्हेस्त्रनेच स्वतःची तोडणी अर्धवट सोडून त्याची माणसं आमच्या मळ्यात आणली, आणि द्राक्षं दाबायचं यंत्रही आम्हांला आधी वापरू दिलं. जीभ काटेरी आणि हात लोण्याचे, असा माणूस आहे. तेव्हा त्याचेही आभार या पत्रात लिहून ठेवते. तोंडावर मानले तर तो महिनाभर बोलणार नाही.

वाइन झाली तीन पिंपं. तीनच, पण वन्सं, काय सांगू! फिक्या लाल रंगाची, दिव्यासमोर धरली तर पलीकडचा माणूस दिसावा अशी. लेओन्सना मी चमच्याने पाजली (पाठीमुळे ग्लास उचलता येत नव्हता). त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हं." मी विचारलं, "हं म्हणजे काय?" तर म्हणाले, "हं म्हणजे हं." तुमच्या घराण्यात यापेक्षा मोठी स्तुती कुणी कुणाची केलेली नाही, हे मला माहीत असल्यामुळे मी तळघरात जाऊन थोडं रडून आले.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की नवी वाइन आधी द्राक्षवाल्यांच्या मंडळापुढे ठेवायची. नाव झाकून, नुसते क्रमांक लावून, पाच जण ती चाखतात. त्यांनी मान हलवली तर बाटलीवर गावाचं नाव लावता येतं. नाही हलवली तर ती बेवारस वाइन, कुठल्या तरी मोठ्या टाकीत जाऊन मिसळायची. तुमच्या घराच्या वाइनवर हे गावाचं नाव कधी लागलं नाही असं झालेलंच नाही. म्हणजे पहिल्यांदा झालं असतं ते सायडरवालीच्या हातून. मंडळाचा माणूस नमुन्याच्या बाटल्या भरून सील करून नेणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी चीज आणायला दुकानात गेले. आणि भावोजी तळघरात उतरले.

त्यांचा हेतू शुद्ध होता, हे मी आधीच लिहिते. आमच्या सगळ्यांचे कान थकले आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं, म्हणून ते पिंपांशी बोलायला गेले. बोलता बोलता त्यांनी एका पिंपावर टकटक केली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. आणि त्यांना असं आढळलं, की तिन्ही पिंपं एका सुरात नाहीत! जन्मभर जे काम केलं ते समोर आलेलं असताना माणूस हात बांधून कसा बसणार? त्यांनी पिंपं हलवली, थोडी डावीकडे लोळवली, थोडी उजवीकडे, खाली पाचरी ठोकल्या, आणि मी परत आले तेव्हा घामाघूम होऊन, अगदी समाधानाने मला म्हणाले, "ग्वेन, मधलं जरा चढं होतं. आता बसलं बघ." मधलं बसलं होतं, पण पिंपांच्या तळाला सगळा हिवाळाभर शांत बसलेला साका उठला होता. लेओन्सना मी हे सांगितलं तेव्हा ते पलंगावर उठून बसले. (डॉक्टर म्हणाले होते आणखी पंधरवडा तरी उठता येणार नाही. म्हणजे याबद्दलही भावोजींचे आभारच मानायला हवेत.)

दुसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस आला आणि बाटल्या भरून, लाख लावून घेऊन गेला. त्याला इतकं पडसं झालं होतं, की त्याने व्हिनेगर भरून नेलं असतं तरी कळलं नसतं. तो गेल्यावर मी उरलेल्या वाइनचा वास घेतला. वन्सं, कोंबड्यांचं खुराडं! आठवडाभर न झाडलेलं! मी ग्लास घेऊन धावत वर गेले. लेओन्सनी हुंगलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. पुलसार तशी लाजाळूच, ढवळली की रुसते. तांब्याचा तुकडा बुडवून हलवली की वास जातो."

"बाटल्यांना लाख लागली आहे," मी म्हटलं.

"मग नुसती हवा लागू दे. ग्लासात तासभर राहिली तरी पुरे."

"मंडळवाले तासभर ग्लासाकडे बघत बसतात का हो?"

यावर ते पुन्हा छताकडे बघू लागले. मला ते बघणं मुळीच आवडलं नाही.

त्यात शुक्रवारी मंडळाचे अध्यक्ष ओनेझीम स्वतः दारात आले. चाखणाऱ्या पाचांमध्ये एक जण गावाबाहेरचा, साधा पिणारा लागतो. ठरलेले गृहस्थ तापाने आडवे झाले होते. "तुमच्याकडे पाहुणे आलेत म्हणे?" ओनेझीमनी विचारलं. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तोवर आतून लेओन्स ओरडले, "आहेत ना! न्या! सकाळीच न्या!" मी आत जाऊन विचारलं, घरचा माणूस पंच म्हणून कसा चालेल? तर म्हणाले, "अगं, नावं झाकलेली असतात. आणि दाजींना वाइन आणि खोकल्याचं औषध यातला फरक कळत नाही. निदान दुपारभर मला झोप तरी मिळेल." मी ओनेझीमनाही नात्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, या गावात ज्याचं कुणाशी नातं नाही असा फक्त पुतळा आहे चौकातला."

शनिवारी सभागृहात आम्ही सगळे द्राक्षवाले मागच्या बाकांवर बसलो, परीक्षेला मुलांना बसवून बाहेर थांबलेल्या आईबापांसारखे. पुढे लांब टेबलाशी पाच जण. बाटल्यांची लाख फोडली, प्रत्येकापुढे ग्लास भरले. तिसऱ्या क्रमांकाचा ग्लास भरला तेव्हाच मला रंगावरून माझी वाइन ओळखू आली. टेबलाच्या टोकाला एर्नेस्तीनबाई होत्या, बाजारपेठेतल्या खाणावळीच्या मालकीण. त्यांचं नाक सगळ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. बाई वाकल्या, आणि मी बघितलं, की त्यांच्या नाकपुड्या दारं लावावीत तशा मिटल्या. त्यांनी ग्लास हातभर लांब सरकवला आणि पेन्सिल उचलली. माझ्या शेजारी सिल्व्हेस्त्र बसला होता. तो हळूच म्हणाला, "कुणाची हो ही तीन नंबर? चेहरा बघा बाईंचा!" मी माझ्या बुटांकडे बघत बसले.

आणि त्याच क्षणी ओनेझीम उभे राहिले. म्हणाले, नियमाप्रमाणे सुरुवातीला आपल्या पाहुण्या पंचांची ओळख. मग भावोजींकडे वळून, अगदी भाबडेपणाने, त्यांना म्हणाले, "दोन शब्द बोला."

वन्सं, पाहुणा बोलत असताना ग्लासाला हात लावायचा नाही, ही आमच्या गावाची जुनी चाल. एर्नेस्तीनबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. भावोजींनी घसा साफ केला. पहिला शब्द झाला, दुसरा झाला, आणि मग लियों शहर, तिथल्या ट्रामगाड्या, तारा गंजण्याची कारणं, गुस्ताव (अजूनही कळलं नाही), दमट हवेत लाकूड कसं फुगतं, असं करत करत सभागृहातली शेगडी विझली. ती पुन्हा पेटवली गेली. सिल्व्हेस्त्र मला म्हणाला, "वहिनी, यांना किल्ली कुठून देतात? म्हणजे पुढच्या खेपेला तिथे कुणी हात लावायला नको." ओनेझीम दोनदा उठले आणि दोनदा बसले. आणि मी? मी आयुष्यात पहिल्यांदा देवाची प्रार्थना केली, की बाबा, यांना थांबवू नकोस.

मग ते पाद्रीबाबांच्या बहिणीच्या पियानोवर आले. तोच, जो या गावात लावायला ते तरुणपणी आले होते. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, की पियानो इतका सडलेला होता की यांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागलं? भावोजी म्हणाले, "पियानो उत्तम होता. तासाभरात झाला. मी हत्यारं पिशवीत भरली, तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणायला लागलं. प्लमचा मुरांबा ढवळत असावी. एकही सूर जागेवर नव्हता. एकसुद्धा! माझ्या कानात सुया टोचल्यासारखं झालं. मी उठलो, म्हटलं सांगावं, बाई, कृपा करून थांबा. दारापर्यंत गेलो." इथे ते थांबले. वन्सं, भावोजी थांबले! सभागृहात शेगडीचा आवाज ऐकू आला. "दारापर्यंत गेलो, आणि मनात आलं, खरंच थांबली तर? मग मी परत फिरलो, हत्यारं काढली, आणि लागलेला पियानो संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा लावत बसलो." मग म्हणाले, "अजूनही ती तसंच गाते," आणि खाली बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओनेझीमनी रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "म्हणजे आपली आर्लेत! लेओन्सची बहीण! चर्चमध्ये आम्ही तिला शेवटच्या रांगेत उभी करायचो!" (हे त्यांचं बोलणं, माझं नव्हे.) सिल्व्हेस्त्र बराच वेळ टोपी फिरवत बसला होता. मग म्हणाला, "थंडी फार आहे हो इथे, डोळ्यांतून पाणी येतं."

नंतर चाखायला सुरुवात झाली. एर्नेस्तीनबाईंनी तिसरा ग्लास नाइलाजाने ओढला, दुरूनच हुंगला, मग जवळ नेला, मग नाक आत घातलं, मग ग्लासावरचा क्रमांक तपासला. "हा मघाचाच ग्लास ना? कुणी बदलला नाही ना?" बदलला कोण? सगळा गाव तर गोष्ट ऐकत होता! बाईंनी एक घोट घेतला, गालात फिरवला, आणि थुंकायचं भांडं बाजूला सारून गिळून टाकला. त्या म्हणाल्या, "उन्हात तापलेल्या रानातल्या रास्पबेरी. कुणाची असेल ती असो, मला माझ्या खाणावळीत हवी." सगळ्यांत शेवटी भावोजींची पाळी. त्यांनी ग्लासावर नखाने टिचकी मारली, कान लावून ऐकलं, घोट घेतला, आणि तिथे आल्यापासून पहिल्यांदाच एका शब्दात बोलले: "लागली!"

माझ्या शेजारून सिल्व्हेस्त्र म्हणाला, "एवढ्यातच?"

झाकलेली नावं उघडली, तेव्हा तीन नंबरपुढे माझं नाव होतं. लेओन्सचं नव्हे, माझं. अर्ज भरताना त्यांनी तसंच लिहायला लावलं होतं. सिल्व्हेस्त्र उठून उभा राहिला, टोपी काढली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चला, सायडरवाल्या वहिनींनी आम्हांला पुलसार शिकवली." वन्सं, इतक्या वर्षांनी ते नाव मला पहिल्यांदा खरंच प्रेमाचं वाटलं. घरी येऊन लेओन्सना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी माझी पाठ बरी असली, तरी तळघराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे." मी म्हटलं, "हं." ते म्हणाले, "हं म्हणजे काय?"

तर वन्सं, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही भावोजींना पाठवलं नसतंत, तर माझी वाइन वाचली नसती. (पाठवलं नसतंत तर बिघडलीही नसती, असं लेओन्स शेजारून म्हणत आहेत. आजारी माणसाच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.) मी मनापासून कृतज्ञ आहे. पिंपांचं प्रकरण त्यांना कुणीही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आपण सूर लावला म्हणून वाइन जमली असं ते समजतात, आणि मला ते पूर्ण चूक आहे असं आताशा म्हणवत नाही. गुडघ्याला जपा. सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
ग्वेन

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. कृपा करून येत्या रविवारी येऊन भावोजींना घेऊन जा. एर्नेस्तीनबाईंनी ग्लासाचं कोडं सोडवून गावभर सांगितलं, आणि तेव्हापासून ज्याची वाइन रुसली आहे तो सकाळी दारात येतो, "पाहुणे तासभर मिळतील का?" भावोजी दिवसभर गावातल्या पिंपांपुढे बोलतात, आणि संध्याकाळी येऊन प्रत्येक ठिकाणी काय बोलले ते आम्हांला सांगतात. लेओन्स काल माझ्या मदतीशिवाय जिना उतरून तळघरात गेले आणि आतून कडी लावून घेतली.

ता.क. दुसरा. रविवारी येणार असाल तर लगेच परतीचं तिकीट काढू नका. तुमची खोली मी झाडून ठेवली आहे. आणि "एकही सूर जागेवर नव्हता" याचा राग धरू नका. तो माणूस हे सांगताना कसा दिसत होता ते तुम्ही बघायला हवं होतं.

ता.क. तिसरा. पत्र कुणाला, असं भावोजींनी विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, एक ओळ मलाही लिहू दे. मी दोन कोरे कागद पुढे ठेवले आणि स्वयंपाकाला लागले. म्हटलं, आता जेवणापर्यंत पेन मिळत नाही. परत आले तर कागद कोरेच होते आणि ते खिडकीशी बसले होते. इथे खाली, पानाच्या कडेला जेवढी जागा उरली होती, तेवढ्यातच त्यांनी लिहिलं आहे:

"आर्लेत, इथे सगळे फार बोलतात. तू ये."